ब्याऐंशीच्या तोंडावर सदुसष्टची काच

पुणे
२ जून २०२५

प्रिय शालिग्रामकाका,

सप्रेम जयभीम.

फोनच करणार होतो. मग आठवलं, हल्ली तुमच्या कानाला फोन लावला की समोरचा घसा फोडून बोलतो आणि तुम्ही "हो हो, जेवलो" म्हणता. म्हणून पत्र लिहितोय. तुमच्या स्टुडिओत तीन वर्षं काढली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आहे. अक्षराला हसू नका.

आधी एक कबुली. अठरा मेला मी नांदुऱ्यातच होतो. जिनिंगवाल्यांच्या घरच्या लग्नाचं चित्रण आमच्या कंपनीकडे होतं. सकाळच्या गाडीने उतरलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरलो, स्टुडिओत डोकावलोसुद्धा नाही. रागावला असाल तर हक्काने रागवा.

आता काम सांगतो. वरात मंगल कार्यालयाच्या फाटकात आली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तुम्हाला नांदुऱ्याचं मे महिन्यातलं ऊन मी काय सांगणार! आमची मुख्य गार्गीताई म्हणाली, फाटक, घोडा आणि अख्खा बँड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच चौकटीत पाहिजे. मी तिवईवर कॅमेरा बसवून रुंद लेन्स लावली, ऊन मारण्यासाठी पुढे एनडी फिल्टर लावला आणि चित्रण केलं. पुण्याला येऊन पाहतो तर चारी कोपरे काळेठिक्कर. डाव्या टोकाला क्लॅरिनेटवाला उभा होता, तो तर पूर्ण गेला. आणि नेमकं गार्गीताईला त्याचंच वाजवणं आवडलंय. रोज विचारते, "आवाज इतका सुरेख आहे, आणि माणूस कुठे आहे?"

हे कशामुळे झालं असेल? त्या दिवशीच्या फायली पेनड्राइव्हवर टाकून सोबत पाठवतोय. सवडीने पाहा आणि काय चुकलं ते सविस्तर लिहा. तुमचं पत्रच मी तिला दाखवीन. माझ्या तोंडी सांगण्यावर तिचा विश्वास बसत नाही.

तुमचा,
अश्वजित


नांदुरा
९ जून २०२५

चि. अश्वजित,

आशीर्वाद. पत्र मिळालं, पेनड्राइव्हही मिळाला. तो अजून उघडला नाही, कारण कॉम्प्युटर पुतण्याच्या ताब्यात आहे आणि पुतण्या सासुरवाडीला आहे.

पण लेका, हे सांगायला मला फाइल कशाला पाहायला पाहिजे? तू मोठ्या तोंडाच्या लेन्सवर लहान काच चढवलीस. दुसरं काही झालेलं नाही. तुझ्या त्या गार्गीताईसाठी पहिल्यापासून लिहितो, तिला वाचून दाखव.

एनडी म्हणजे लेन्सचा गॉगल. काळी काच, रंग बदलत नाही, फक्त उजेड कमी करते. भर उन्हात शटर हळू ठेवायचं असेल तर ती लागतेच, नाहीतर नाचणारी माणसं पडद्यावर झटके आल्यासारखी दिसतात. आता प्रत्येक लेन्सच्या तोंडाचं माप वेगळं, मिलिमीटरमध्ये बावन्न, अठ्ठावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, ब्याऐंशी. प्रत्येकीसाठी वेगळी काच घेत बसलं तर माणसाला शेत विकावं लागेल. म्हणून शहाणा माणूस सगळ्यात मोठ्या तोंडाची एकच काच घेतो आणि लहान लेन्सला चकत्या, म्हणजे तुमच्या भाषेत स्टेप-अप रिंग, लावून तीच सगळीकडे वापरतो. लहान पातेल्यावर मोठं झाकण चालतं. उलटं मात्र करायचं नाही. ब्याऐंशीच्या तोंडावर उलटी रिंग लावून सदुसष्टची काच बसवली, आणि त्यात लेन्स रुंद असली, तर काचेची कड चित्रात येणार आणि कोपरे खाणार. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला दोष नाही.

माझी तक्रार पण सांगून टाकतो. हा धडा मी तुला पहिल्याच आठवड्यात दिला होता, आणि जाताना पितळेच्या रिंगांचा अख्खा डबा दिला होता. पुण्याचं पाणी पिऊन डोकं पातळ झालं काय?

आता दुसरी गोष्ट. तुझे वडील परवा रोहिणखेडहून आले होते. समोरचे दोन दात चांगलेच हलतात. बुलडाण्याच्या डॉक्टरने सांगितलं, लग्नसराई संपली की वरचे चारही काढू. माझ्या कानांमुळे आमचं बोलणं हल्ली पाटीवरच चालतं. मी लिहून विचारलं, मग क्लॅरिनेट कशावर धरशील? तर हसला. माझ्या पाटीवर त्याने लिहिलं, "संपलं". रंगरावच्या बँडमध्ये सव्वीस वर्षं वाजवलं त्याने, माणसं लग्नाची तारीख धरताना रंगरावला विचारायची, जानराव मोकळा आहे ना.

मग त्याने पाटीवर आणखी लिहिलं, जिनिंगवाल्यांच्या लग्नात शेवटचं वाजवलं, त्याचं पिच्चर पाहायला मिळेल का. म्हणजे तुझा कोपऱ्यातला क्लॅरिनेटवाला जानरावच की! बापलेक एका लग्नात, आणि तुझ्या पत्रात त्याचा एक शब्द नाही. गर्दीत दिसला नसेल तुला. बँडच्या टोपीत सगळे सारखेच दिसतात.

शालिग्राम


पुणे
१६ जून २०२५

प्रिय काका,

पत्राबद्दल खूप आभार. गार्गीताईला वाचून दाखवलं. पातेल्याच्या झाकणाला ती हसली आणि म्हणाली, "चूक होते माणसाची." विषय संपला.

बाबा त्या बँडमध्ये होते हे मला तुमच्या पत्रामुळे कळलं. खरंच लक्षात आलं नाही. तुम्ही म्हणता तसंच, लाल कोट, सोनेरी झालर, टोपी कपाळावर. शिवाय माझं लक्ष सगळं फोकसवर. दातांचं बहीण समता बोलली होती फोनवर, पण चारही काढणार हे माहीत नव्हतं.

एक विनंती आहे. बाबांना ती फाइल दाखवू नका. काळा कोपरा पाहून त्यांना उगाच वाईट वाटेल. फाइल उघडत नाही म्हणून सांगा. पेनड्राइव्हही परत पाठवून द्या, घाई नाही, पण लवकर पाठवा.

तुमचा,
अश्वजित


नांदुरा
२७ जून २०२५

अश्वजित,

तुझं पत्र यायच्या आधीच जानराव येऊन गेला होता. पुतण्या परतला होता, कॉम्प्युटर चालू होता, आणि मी काही चोर नाही की फाइल लपवून ठेवावी. दाखवली.

तो स्टुलावर बसला. धुतलेला सदरा घालून आला होता. सात मिनिटांची ती फाइल त्याने पूर्ण पाहिली, डाव्या कोपऱ्यावर नजर ठेवून. मला ऐकू येत नाही हे तुला माहीतच आहे. माझ्यासाठी जानरावचं वाजवणं म्हणजे त्याची बोटं. पूर्वी स्टुडिओसमोरून वरात गेली की बोटं पाहून मी सांगत असे कोणती चाल आहे, आणि तो मान हलवून हो म्हणायचा. त्या पडद्यावर माझ्यासाठी काहीच नव्हतं. त्याच्यासाठी निदान आवाज होता. संपल्यावर तो पुतण्याला म्हणाला, "आवाज मायाच हाये," आणि उठला; पुतण्याने मला ते लिहून दाखवलं. मी पाटीवर लिहिलं, काच चुकली, पोराची चूक नाही. त्याने वाचलं आणि पाटी पुसून ठेवली.

तो गेल्यावर मी पेनड्राइव्ह पुन्हा लावला. तू घाईत सगळीच फोल्डर उतरवलीस बहुतेक. त्या मोठ्या फायलीच्या आधी एक लहान फाइल आहे, नऊ सेकंदांची. तीच तिवई, तेच फाटक, तोच घोडा, वेळ बारा वाजून दोन मिनिटं. कोपरे स्वच्छ. म्हणजे तेव्हा लेन्सवर ब्याऐंशीची बरोबर काच होती. डाव्या टोकाला जानराव उभा आहे, क्लॅरिनेट अजून ओठांना लावलेलं नाही. तो कॅमेऱ्याकडे पाहतो. त्याचा चेहरा फुलतो. मग काय दिसतं त्याला कोण जाणे, तो मान फिरवतो आणि दुसरीकडे पाहत राहतो. तिथे फाइल संपते. मोठी फाइल बारा वाजून सहा मिनिटांनी सुरू होते, आणि तिचे कोपरे काळे आहेत.

चार मिनिटांत तू बरोबर काच काढून चुकीची लावलीस. ती उलटी रिंग पिशवीतून शोधून काढलीस. मी चाळीस वर्षं हा धंदा केला, माझ्यापुढे विसरल्याचं सोंग करू नकोस.

पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहील.

शालिग्राम


पुणे
२४ जुलै २०२५

काका,

महिनाभर तुमचं पत्र खिशात घेऊन फिरलो. चार वेळा लिहायला बसलो. आज लिहितोय ते फाडणार नाही.

तुम्ही म्हणता ते खरं आहे.

पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात चिन्मयने विचारलं, वडील काय करतात. चिन्मय म्हणजे आमच्याकडचा दुसरा कॅमेरावाला, त्याचे वडील बँकेत आहेत. मी म्हटलं, शाळेत संगीत शिकवतात. तोंडातून सहज निघून गेलं. गार्गीताई म्हणाली, "अरे वा, म्हणूनच तुला ताल कळतो." मग सहा वर्षं ते तसंच राहिलं. मोताळ्याच्या शाळेत पोरं माझ्यामागे ओठ फुगवून पिपाणी वाजवायची. वस्तीतली काही शिकलेली माणसंही म्हणायची, आता लोकांच्या वरातीत वाजवणं सोडा, शोभत नाही. मला दोन्हीकडून लाज वाटायची. पुण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, तेवढा एक श्वास मोकळा घेता येत होता.

नांदुऱ्याला कोणता बँड आहे हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आजारपणाचं निमित्त काढून आलोच नसतो. फाटकासमोर कॅमेरा लावला, चौकट तपासायला नऊ सेकंदं चालवला, आणि बाबा दिसले. त्यांनी मला पाहिलं. ते हसले. शेजारी चिन्मय उभा होता. मी मान खाली घातली काका. लेन्सचं झाकण शोधतोय असं दाखवत राहिलो. वर पाहिलं तेव्हा ते दुसरीकडे बघत होते.

तेवढ्यात नवरदेवाचा एक मित्र बाबांपाशी गेला, तोंडासमोर चुटकी वाजवली आणि म्हणाला, "ए पिपाणी, तेच परत वाजव, जोरात." चिन्मय हसला. मला वाटलं, हे सगळं आता कायमचं चित्रात राहणार. गार्गीताई पडद्यावर मोठं करून पाहणार. आम्हा दोघांचं नाक सारखं आहे, डाव्या भुवईतली चीरसुद्धा सारखी आहे. कॅमेरा वळवता येत नव्हता, तिला अख्खा बँड हवा होता. मग मी ब्याऐंशीची काच काढली. मला माहीत होतं सदुसष्टची लावली की डावा कोपरा जाईल. तुम्हीच शिकवलं होतं.

चुटकी वाजवणारा मात्र मधोमध आला. तो अगदी स्पष्ट दिसतो.

मग तुम्हाला का लिहिलं, हे विचाराल. मला तुमच्या हाताने लिहिलेलं हवं होतं की चूक झाली. तुम्ही लिहिलंत की ती चूकच ठरणार होती. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागेल, अशी आशा होती. तुमच्या पत्रावर गार्गीताई हसली तेव्हा मला क्षणभर खरंच हलकं वाटलं, याचीही लाज वाटते.

दुसरं चित्रण नाही. मी सगळं तपासलं. त्या काळ्या कोपऱ्यातून काही निघेल का हो? तुमच्याकडे काही उपाय असला तर सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो.

अश्वजित


नांदुरा
३१ जुलै २०२५

अश्वजित,

काळ्या कोपऱ्यातून काही निघत नाही. अंधारातलं चित्र असतं तर थोडंफार उजळता आलं असतं. तिथे काचेच्या कडेने उजेडच आत येऊ दिला नाही. कॅमेऱ्याला जे दिसलंच नाही ते तो कुठून काढून देणार?

अकरा जुलैला जानरावचे दात काढले. चारही. आता तो पेज पितो आणि क्लॅरिनेट रंगरावच्या पुतण्याला देऊन टाकायचं म्हणतो.

तुझं पत्र वाचून मला तुझा राग आला आणि मग माझाही आला. मी तुला काच, लेन्स, उजेड, सगळं शिकवलं. समोर उभ्या माणसाकडे कसं पाहायचं हे शिकवायचं राहून गेलं वाटतं. माझ्या दुकानात जे कुणी आलं, हमाल असो की तहसीलदार, त्याला मी त्याच स्टुलावर बसवलं आणि त्याच दिव्यात फोटो काढला. मला वाटलं होतं, पाहून पाहून तुला कळलं असेल.

नऊ सेकंदांची फाइल मी जानरावला दाखवलेली नाही. ते माझं काम नाही. आणि मला कबुली देऊन तू सुटलास असंही समजू नकोस. माझं तू काय बिघडवलंस? घरी लिही. जानरावला पाटीवरच्या दोन ओळी जमतात, लांब पत्र नाही; समता रक्षाबंधनाला मेहकरहून येणार आहे, ती वाचून दाखवील.

शालिग्राम


पुणे
४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,

जयभीम. समता, हे बाबांना एकट्यात वाचून दाखव. आई ऐकत असली तरी चालेल.

बाबा, जिनिंगवाल्यांच्या लग्नात मी तुम्हाला पाहिलं होतं. तुम्ही हसलात तेव्हा मी मान खाली घातली. सोबतच्या माणसांना कळू नये म्हणून. मग मी मुद्दाम लहान काच लावली, म्हणजे तुम्ही काळ्यात जाल. काकांनी तुम्हाला पोराची चूक नाही म्हणून सांगितलं, ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पोराचीच चूक आहे.

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगितलं की तुम्ही शाळेत संगीत मास्तर आहात. आज सकाळी गार्गीताईला आणि चिन्मयला खरं सांगितलं. गार्गीताई म्हणाली, "मग त्या दिवशी ओळख का नाही करून दिलीस? मी त्यांच्याशी बोलले असते."

तुमचं शेवटचं वाजवणं होतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी तेच केलं असतं की काय, याची मला भीती वाटते. तुमच्या पाया पडतो. मला माफ करा असं लिहायचीही लाज वाटते, पण दुसरं काय लिहावं कळत नाही.

तुमचा,
अश्वजित


रोहिणखेड
१२ ऑगस्ट २०२५

दादा, बाबा बोलले तसंच लिहून घेतलं आहे. माझा एकही शब्द घातला नाही. दात नसल्यामुळे हवा जाते, तेव्हा काही शब्द दोनदा विचारावे लागले. — समता

अश्वजित,

तुयं पत्र समतानं दोन खेपा वाचलं. पयल्या खेपी तुयी माय उठून अंगनात गेली. दुसऱ्या खेपी बसून राह्यली.

राग आला का म्हनशीन तर आला. खोटं काऊन बोलू? पन त्या काचीचा नाई आला, मले त्या काचीतलं काई समजत नाई. तू मले मास्तर केलं, त्याचा आला. काऊन बे? म्या काय चोरी करत होतो? तुया आजानं डफडं सोडलं, काऊन की ते दुसऱ्याच्या दारात हुकूम झाला का वाजवा लागे, अन् नाई म्हनता येत नवतं. म्या क्लॅरिनेट शिकलो ते माया मर्जीनं. सहा महिने उस्तादाच्या घरी झाडू मारला, तवा त्यानं पयला सूर सांगतला. रंगरावले म्या दोनदा नाई म्हनलेलं हाये, एकदा तुयी परीक्षा होती, एकदा समताले ताप होता. नाई म्हनता येते तो धंदा, बाबू. त्यात शरमाचं काय हाये, हे तुले म्या कदी बसवून सांगतलं नाई. तेवढं मायं चुकलं.

माया तोंडापुढं चुटकी वाजवनारं थे पोरगं तूबी पाह्यलं असशीन. असे हर लग्नात भेटतात. म्या त्यायच्याकडं पाहत नाई, म्या बोटांकडं पाहतो.

आता मायं आयक. हे म्या कोनाले सांगतलं नाई, तुया मायलेबी नाई.

तू कॅमेऱ्यामांगं उभा हायेस, हे म्या पाह्यलं, अन् मले इतकं बरं वाटलं का मी वाजवाचंच इसरलो. मंग तू मान खाली घातली. म्या समजलो. म्हनलं, पोराले अडचन होऊन राह्यली, आपन पाहू नोका त्याच्याकडं. बाजूले गोविंदा होता, आपला ढोलवाला. त्याचे डोळे लय तेज. थो म्हने, "जानराव, थो कॅमेरावाला तुया पोरगा नोय का?"

म्या म्हनलं, "नाई. तसा दिसते खरा. माया पोरगा साहेब हाये, थो असा उन्हात उभा नाई राहत."

अन् क्लॅरिनेट तोंडाले लावलं, का गोविंदानं आनखी काई इचारू नये.

तू मले कोपऱ्यात टाकलं, ते तुयं तू पाय. पन म्या तुले नाई म्हनलं. पोटच्या पोराले, भर रस्त्यात, सव्वीस वर्साच्या सोबत्यापाशी. त्या रोजपासून मले जेवन जात नाई, अन् सगळे म्हनतात दातानं जात नाई. शालिग्रामभाऊच्या दुकानात पिच्चर पाहाले म्या काऊन गेलो होतो, सांगू? म्या वाजवलं ते पाहाले नाई. मले पाहाचं होतं का नाई म्हनतानी मायं तोंड कसं दिसते. काळं होतं. मले बरंच वाटलं.

माफीचं सोड. ते बापलेकाचं हाये, आपन पाहू. पन गोविंदा आपल्याच गल्लीत राह्यते, रोज ओट्यावर येऊन बसते. परवा परत इचारलं, "जानराव, खरं सांग, थो अश्वजितच होता ना?" म्या तोंडाले हात लावला अन् दात दुखून राह्यले असं दाखवलं. दात तर नाईच. थो पाहत राह्यला.

आता त्याले काय सांगू? हो म्हनू का नाई म्हनू? तू म्हनशीन तेच सांगीन. लवकर लिही, थो रोज येते.

तुया बाप,
जानराव


पुणे
१८ ऑगस्ट २०२५

श्री. गोविंदाकाका यांस,

जयभीम.

मी तुमच्या मांडीवर खेळलो असेन, पण पत्र कधी लिहिलं नाही, म्हणून आधी ओळख देतो. मी अश्वजित जानराव सरकटे. तुमच्याच गल्लीतले क्लॅरिनेटवाले जानराव सरकटे यांचा मुलगा. पुण्याला कॅमेऱ्याचं काम करतो. साहेब नाही.

अठरा मेला नांदुऱ्याच्या लग्नात फाटकासमोर कॅमेऱ्यामागे जो उभा होता, तो मीच. तुम्ही बरोबर ओळखलंत. बाबांनी तुम्हाला नाही म्हटलं, कारण त्याच्या आधी मी त्यांना पाहून मान खाली घातली होती. मी त्यांना ओळख दाखवली नाही, म्हणून त्यांनीही दाखवली नाही. त्यांनी ते माझ्यासाठी केलं. मी जे केलं ते फक्त माझ्यासाठी होतं. तुमच्यापाशी खोटं बोलल्याचं त्यांच्या मनाला फार लागलं आहे. ते खोटं त्यांच्या नावावर ठेवू नका.

पुढच्या आठवड्यात मी गावी येतोय. बसस्टँडवरून आलं की घरात शिरायला आमच्या ओट्यावरूनच जावं लागतं. तुम्ही आणि बाबा तिथे बसलेले असाल तर मी दोघांच्याही पाया पडेन, आणि तुम्ही जे बोलाल ते उभा राहून ऐकेन.

हे पत्र बाबांना एकट्यात दाखवू नका. रंगरावदादा आणि बँडमधले सगळे जमले की, बाबा तिथे बसलेले असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचा.

आपला,
अश्वजित